पेजमेकरचं जुनं मशीन खिशात घेऊन : घर, प्रेस आणि संस्थेच्या ऑफिसातला अनुभव

ज्यांच्याकडे पेजमेकरमध्ये (पुस्तकाची, अंकाची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) लावलेल्या जुन्या पानांचा साठा आहे आणि ती पानं ज्या एकाच मशीनवर नीट उघडतात ते मशीन आता आज-उद्याचं सोबती आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डीटीपीवाली, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणारी आहे, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. त्यामुळे यात जे आहे ते करून पाहिलेलं आहे, आणि जिथे कुणाला विचारावं लागलं तिथे विचारलेलं आहे.

माझं काम नाशिकमध्ये तीन ठिकाणी चालतं. इंदिरानगरला घर, रविवार कारंज्याजवळ प्रेस आणि गंगापूर रोडच्या बाजूला एका संस्थेचं ऑफिस. संस्थेचा वार्षिक अंक दिवाळीच्या आधी निघतो, १६० पानांचा, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे. संपादक मंडळातले सर निवृत्त मराठी शिक्षक आहेत. त्यांना प्रूफ कागदावर चालतं, पण शेवटचा हात फिरवताना स्क्रीनसमोर शेजारी बसायचं असतं. ‘ताई, ही ओळ वर घ्या, हा पोटमथळा पानाच्या तळाशी एकटा पडलाय’ असं चालतं. पूर्वी यासाठी सगळ्यांनी प्रेसवर यायचं. आता सरांच्याने रविवार कारंज्याचा जिना चढवत नाही.

प्रेसवरचं मशीन २०१० सालचं. विंडोज ७ प्रोफेशनल, ३२ बिट, पेजमेकर ७ आणि यूएसबी लॉकवालं, म्हणजे पेनड्राइव्हसारखं लॉक लावलं तरच चालणारं, मराठी फाँटचं पॅकेज. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची, त्यानंतर नवी आलीच नाही. त्याच कंपनीच्या इनडिझाइन या पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये या फाइल सीएस६ पर्यंत उघडायच्या, पुढच्या आवृत्त्यांनी तो दरवाजाही बंद केला. ‘युनिकोडमध्ये का जात नाही?’ हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. नवं काम मी युनिकोडमध्येच, म्हणजे हल्लीच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांतच करते. पण पंधरा वर्षांचे अंक, त्यातले लेख पुन्हा घ्यायचे, त्यातल्या चौकटी आणि तक्ते तसेच ठेवायचे, हे कन्व्हर्टरमधून काढलं की मजकूर येतो, पान येत नाही. श्रीलिपी असो की आकृती, जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट नसेल तिथे फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमीड काला दिसतो.

२०२५ च्या जूनमध्ये, पावसाच्या दिवसांत, मशीन मधेच बंद पडायला लागलं. एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडून दाखवलं. प्रोसेसरशेजारचे तीन कॅपॅसिटर डोकं फुगवून बसले होते, एकाच्या टोकाला तपकिरी चिकट काहीतरी आलेलं. ‘ताई, या सॉकेटचा बोर्ड नवा मिळत नाही. जुना बसवून देईन, पण तो किती टिकेल ते सांगणार नाही. त्यापेक्षा हार्डडिस्क चांगली आहे तोवर आतलं विंडोज उचलून घ्या. व्हर्च्युअल मशीन करा.’

प्रेसवाले काका म्हणाले, ‘अगं, ते काय ते कर, पण अंक अडकायला नको.’ झालं, माझी परवानगी मिळाली.

व्हर्च्युअल मशीन हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्ससारखं एक सॉफ्टवेअर टाकायचं. ते एका खिडकीत दुसरा, बनावट कॉम्प्युटर उभा करतं. त्याची हार्डडिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक मोठी फाइल. बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. गेस्ट हा भाडेकरू समजा : घर बदललं तरी त्याची भांडीकुंडी तीच. त्याला बाहेर इंटेल आहे की एएमडी, स्क्रीन कोणती, डिस्क कोणत्या कंपनीची, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला आत कायम तेच ठराविक बनावट हार्डवेअर दिसतं.

मी व्हर्च्युअलबॉक्स निवडलं, कारण त्याचं मुख्य पॅकेज मुक्त परवान्याचं आहे आणि प्रेसच्या कामालाही फुकट वापरता येतं. त्याच्याबरोबर ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाचा वेगळा तुकडा मिळतो, तो मात्र फक्त वैयक्तिक, शैक्षणिक वापराला आणि चाचणीला फुकट आहे, धंद्यासाठी लायसन्स लागतं. पूर्वी यूएसबी २ साठी तो पॅक टाकावाच लागायचा. २०२२ च्या सातव्या आवृत्तीपासून ती सोय मुख्य पॅकेजात आली, म्हणून मी पॅकच्या वाटेला गेले नाही. व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन प्रोही नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना मोफत आहे. तेही चाललं असतं, पण दुरुस्तीवाल्याला व्हर्च्युअलबॉक्स येत होतं आणि अडलं तर फोन त्यालाच लावायचा होता.

जुन्या मशीनची प्रत काढायला डिस्क-टू-व्हीएचडी हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं छोटं, फुकट साधन वापरलं. मशीन चालू असतानाच ते आख्ख्या डिस्कची व्हीएचडी, म्हणजे बनावट डिस्कची फाइल करतं. आधी चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवून घेतलं. मग साधन उघडल्यावर डिस्कची यादी येते, तिथे नीट बघा : सी ड्राइव्हबरोबर ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ नावाचा १०० एमबीचा लहानसा भाग असतो, त्याची खूण राहू द्यायची. विंडोज ७ सुरू होण्याची व्यवस्था त्या तुकड्यात असते. ज्या बाहेरच्या डिस्कवर प्रत काढतोय तिची खूण मात्र काढायची, नाहीतर तीही प्रतीत जाते. व्हीएचडीएक्स या नव्या प्रकाराची खूणही काढायची, व्हर्च्युअलबॉक्सला साधी व्हीएचडी सोयीची. १६० जीबीच्या डिस्कवर भरलेला भाग चाळीसेक जीबी होता, तेवढीच फाइल झाली. जुन्या डिस्कचा वेग आणि यूएसबी २ चं पोर्ट, त्यामुळे दुपार गेली. मधे मशीन बंद पडू नये म्हणून कॅबिनेट उघडं ठेवून टेबलफॅन समोर लावला होता. तोवर मी आणि काका एका लग्नपत्रिकेवरून वाद घालत बसलो, तो इथे महत्त्वाचा नाही.

घरी लॅपटॉप एएमडी रायझनचा, विंडोज ११. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन केलं, प्रकार विंडोज ७ ३२ बिट, रॅम २ जीबी, आणि नवी डिस्क बनवण्याऐवजी ही व्हीएचडी जोडली. सुरू केलं. विंडोजचा लोगो आला आणि लगेच निळी स्क्रीन, शेवटी ७बी असलेला कोड. पोटात गोळा आला, पण हा बहुतेक सगळ्यांनाच येणारा टप्पा निघाला. जुन्या मशीनच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीने लावलेली होती, व्हर्च्युअलबॉक्सने ती साटा या नव्या पद्धतीवर जोडली होती. विंडोज सुरू होताना साटाचा ड्रायव्हर जागाच नव्हता. सेटिंग्जमध्ये स्टोरेजला जाऊन डिस्क साटा कंट्रोलरवरून काढली आणि आयडीई कंट्रोलरवर लावली. पुढच्या वेळी डेस्कटॉप आला, तोच जुना हिरव्या शेताचा वॉलपेपर, त्यावर ‘अंक फायनल’, ‘अंक फायनल नवीन’, ‘अंक खरंच फायनल’ अशी फोल्डरं. आतल्या विंडोजने बराच वेळ नवे ड्रायव्हर टाकले, दोनदा रिस्टार्ट मागितला.

मग त्याने हार्डवेअर बदललंय, पुन्हा ऍक्टिव्हेट करा असं सांगितलं. इथे लायसन्सचा प्रश्न येतो आणि तो टाळू नका. असेंबल्ड किंवा ब्रँडेड मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं असतं. आमचं बॉक्समधलं रिटेल होतं, जुन्या मशीनवरून काढून दुसरीकडे नेता येणारं. काकांनी बिलाची फाइल ठेवली होती, बॉक्स माळ्यावर होता. ऍक्टिव्हेशन फोनवरून केलं. स्क्रीनवरचे आकडे गटागटाने दाबायचे आणि पलीकडून येणारे लिहून घ्यायचे. शेजारी कुणाला तरी बसवा, एकटीने ऐकून टाइप करणं त्रासाचं आहे. त्यानंतर जुन्या मशीनची डिस्क काढून पाकिटात घालून ठेवली. चालू प्रत ही एकच. पुढे मी हेच मशीन तीन कॉम्प्युटरांवर नेलं, पण आतल्या विंडोजला हार्डवेअर तेच दिसत असल्यामुळे ऍक्टिव्हेशनची मागणी परत आली नाही.

फाँट पॅकेजचं यूएसबी लॉक हा मला सगळ्यात अवघड वाटलेला भाग आणि निघाला सोपा. मशीनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबीला जाऊन लॉक लावलेलं असताना अधिकच्या चिन्हावर टिचकी मारली की यादीत ते दिसतं. निवडलं की फिल्टर तयार. मग लॉक लावलं की ते होस्टकडे न जाता थेट गेस्टमध्ये जातं. कंट्रोलर यूएसबी २ चा ठेवा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो, ३ निवडलं तर आतल्याला लॉक दिसणारच नाही. हा फिल्टर मशीनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिला जातो, म्हणून पुढच्या कॉम्प्युटरवर तो परत करावा लागला नाही. लॉक मात्र एकच आहे. मी ते एसएसडीच्याच पाऊचमध्ये ठेवते, किल्ल्यांच्या जुडग्यात नाही.

पेजमेकर उघडून गेल्या वर्षीच्या अंकाचं पान ४७ लावलं आणि छापील अंक शेजारी धरला. त्या पानावर दोन कॉलमात एक प्रवासवर्णन आहे, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ असे शब्द भरपूर. ऱ्याची चंद्रकोर जागेवर, रफार जागेवर, आणि ओळी जिथे तुटायच्या तिथेच तुटलेल्या. उजव्या कॉलमात खालून तिसऱ्या ओळीत मी तेव्हा अक्षरांमधलं अंतर किंचित आवळून एक शब्द कोंबला होता, तोसुद्धा तसाच. चित्रांच्या लिंकही तुटल्या नव्हत्या. पेजमेकर चित्राचा पूर्ण मार्ग लक्षात ठेवतो. नुसती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली की ‘चित्र कुठे आहे?’ विचारत बसतो. इथे आतला सी ड्राइव्ह सगळीकडे तोच, त्यामुळे मार्गही तोच.

जुलैत ५०० जीबीची बाहेरची एसएसडी घेतली, जीएसटी बिलासकट साडेचार हजारांच्या जरा खाली पडली. साध्या पेनड्राइव्हवर हे करू नका. एक तर वेग नसतो, आणि बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेले असतात, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. एसएसडी मी एनटीएफएस केली, कारण माझे तिन्ही कॉम्प्युटर विंडोजचे आहेत. मॅकवरही लिहायची गरज असती तर एक्सफॅट घ्यावी लागली असती, पण तिच्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद, नसतं आणि केबल मधेच निघाली तर नुकसान व्हायची भीती जास्त. व्हीएचडीचं व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वतःच्या व्हीडीआय प्रकारात रूपांतर करून घेतलं आणि डिस्कची फाइल व सेटिंगची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवली. असं केलं की सेटिंगच्या फाइलमध्ये डिस्कचा मार्ग फोल्डरच्या आतलाच राहतो आणि ड्राइव्हचं अक्षर बदललं तरी बिघडत नाही.

प्रेसवरचा दुसरा कॉम्प्युटर इंटेल आय-५, विंडोज १०, ८ जीबी रॅम. घरी होती तीच व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती टाकली. हे महत्त्वाचं आहे. नवी आवृत्ती सेटिंगची फाइल नव्या पद्धतीने लिहू शकते आणि मग जुनी आवृत्ती ती उघडायला नकार देते. म्हणून मी इन्स्टॉलर एसएसडीवरच ठेवलाय आणि अपडेट तपासणी बंद केलीय, सगळीकडे एकदमच बदलायचं. व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नावाचं मायक्रोसॉफ्टचं पॅकेज नसेल तर इन्स्टॉलर अडतो, तेही सोबत ठेवा. मग ‘मशीन’ मेनूत ‘ऍड’, सेटिंगची फाइल दाखवली, सुरू. ‘इम्पोर्ट’ नाही. इम्पोर्ट केलं तर तो त्या कॉम्प्युटरवर वेगळी प्रत करतो आणि मग कोणत्या प्रतीत ताजं प्रूफ आहे हा घोळ.

मला समजलं ते एवढंच की आतलं सगळं जसंच्या तसं जातं आणि बाहेरचं प्रत्येक ठिकाणी नव्याने जुळवावं लागतं. शेअर केलेलं फोल्डर घ्या. गेस्टमधून पीडीएफ बाहेर काढायला मी एसएसडीवरचं एक फोल्डर शेअर केलंय. घरी एसएसडीला ई अक्षर मिळालं, प्रेसवर जी. मार्ग बदलला की शेअर फोल्डर गायब. तिन्ही ठिकाणी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एसएसडीला पी हे अक्षर कायमचं देऊन टाकलं. तो कॉम्प्युटर ते लक्षात ठेवतो. नेटवर्क मी बंदच ठेवलंय. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, त्याला इंटरनेट दाखवण्यात काही शहाणपण नाही. मेल, व्हॉट्सऍप, जाहिरातींची चित्रं, सगळं होस्टवर घ्यायचं आणि शेअर फोल्डरमधून आत टाकायचं.

दुसरं म्हणजे मशीन बंद करताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतो : स्थिती जपून ठेवू की बंद करू? स्थिती जपणं मोहात पाडतं, उघडलेलं पान तसंच राहतं. पण घरी एएमडी आणि प्रेसवर इंटेल असेल तर जपलेली स्थिती पलीकडे उठत नाही, कारण त्यात त्या प्रोसेसरची अवस्था लिहिलेली असते. कॉम्प्युटर बदलायचा असेल तर आतलं विंडोज पूर्ण शटडाउन करा. मग व्हर्च्युअलबॉक्सची मुख्य खिडकीही बंद करा, पाच-दहा सेकंद थांबा, कारण त्याचा मागचा एक प्रोग्राम जरा रेंगाळतो, आणि मगच एसएसडी ‘सेफली रिमूव्ह’ करा.

घरच्या लॅपटॉपवर खिडकीच्या तळाशी हिरव्या कासवाचं चिन्ह दिसतं. विंडोज ११ ची मेमरी इंटिग्रिटी वगैरे सुरक्षेची सोय चालू असली की व्हर्च्युअलबॉक्सला मागच्या दाराने, विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीमार्फत जावं लागतं आणि वेग कमी होतो. ती सोय बंद करून कासव घालवायचे उपाय भरपूर सापडतील. मी केले नाहीत. त्याच लॅपटॉपवर माझं बँकेचं काम चालतं, आणि पेजमेकरला कासवाचा वेगही पुरतो. पीएस (पोस्टस्क्रिप्ट) फाइलची डिस्टिलरमध्ये पीडीएफ करताना थोडा उशीर लागतो, तेवढा चहा होतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक. जुन्या फाँटमध्ये काही खास जोडाक्षरं ऑल्ट धरून नंबरपॅडवर आकडे दाबूनच मिळतात. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर यूएसबी नंबरपॅड घ्या, मला साडेतीनशे रुपयांना पडला, वाद नको.

आता संस्थेचं ऑफिस. तांत्रिक भाग तिथे सगळ्यात कमी होता आणि वेळ सगळ्यात जास्त गेला. कॉम्प्युटर आय-३, रॅम ४ जीबी. माझ्या हातात साधा युजर, काहीही टाकायचं तर ऍडमिनचा पासवर्ड हवा. मी चौकशी केली की न टाकता चालणारं काही मिळतं का. ‘पोर्टेबल व्हर्च्युअलबॉक्स’ नावाचं पॅकेज आहे, ते एसएसडीवरूनच चालतं, पण सुरू होताना विंडोजमध्ये ड्रायव्हर बसवावेच लागतात आणि त्याला ऍडमिनचे अधिकार लागतात. म्हणजे पोर्टेबल असलं तरी परवानगी चुकत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. मा. सचिवांना उद्देशून, विषय ‘वार्षिक अंकाच्या कामासाठी कार्यालयातील संगणकावर सॉफ्टवेअर टाकण्याबाबत’. क्लार्क मॅडमनी आवक रजिस्टरमध्ये नोंद करून माझ्या प्रतीवर शिक्का दिला. हा शिक्का घ्याच. पुढे ‘अर्ज कुठाय?’ विचारल्यावर तोच कामाला येतो. अर्जात मी तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या : सॉफ्टवेअर मोफत परवान्याचं आहे, संस्थेचा कुठलाही डेटा माझ्या डिस्कवर येणार नाही, आणि काम झाल्यावर ते काढून टाकता येईल. सचिवांनी ‘देखभाल ठेकेदाराच्या उपस्थितीत परवानगी’ असा शेरा मारला. ठेकेदाराचा माणूस महिन्यातून एकदा येतो. २७ ऑगस्टला गणपती बसले, मग तो विसर्जनानंतरच येणार हे ठरलेलंच.

तो आला, व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, मशीन जोडलं, सुरू केलं तर बायोसमध्ये व्हीटी-एक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला लागणारी प्रोसेसरची सोय, बंद असल्याचा एरर. इंटेलच्या कॉम्प्युटरवर ही सोय बायोसमध्ये चालू असावी लागते, एएमडीवर तिचं नाव एसव्हीएम असतं. बायोसला पासवर्ड, पासवर्ड त्याच्या आधीच्या ठेकेदाराने लावलेला. फोनाफोनी झाली, पासवर्ड मिळाला, खूण चालू केली. तुम्हाला परक्या कॉम्प्युटरवर जायचं असेल तर हे आधी तपासा : टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ समोर एनेबल्ड आहे का ते लिहिलेलं असतं. अर्ज देतानाच बघितलं तर एकाच अर्जात तेही मागता येतं.

रॅमचा प्रश्न उरला. ४ जीबीत होस्टचं विंडोज १० च जेमतेम. ८ जीबीच्या पट्टीला दोनेक हजार लागले असते, पण खरेदीला तीन कोटेशनं, आणि ती मंजूर होईपर्यंत पुढची दिवाळी. मी गेस्टची रॅम २ वरून १ जीबीवर आणली. ३२ बिट विंडोज ७ ला तेवढी किमान लागते आणि पेजमेकर त्याहून जुन्या काळातला, त्याला पुरली. फक्त ऑफिसात इतर काही उघडं ठेवायचं नाही. शिवाय तिथला अँटिव्हायरस एसएसडीवरची चाळीस जीबीची फाइल प्रत्येक वेळी चाळत बसायचा. ठेकेदाराच्या माणसाकडून त्या फोल्डरला सूट देऊन घेतली, तेव्हा मशीन उठायचा वेळ निम्म्यावर आला. केबल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या पोर्टलाच लावा. पुढची पोर्टं बऱ्याचदा यूएसबी २ ची असतात आणि सैलही.

नवरात्रात एका दुपारी सर शेजारी बसून सातव्या फर्म्याचं वाचत होते आणि लाइट गेली. त्या कॉम्प्युटरला यूपीएस नव्हता. सर म्हणाले, ‘गेलं का सगळं?’ माझ्या तोंडून शब्द फुटेना. लाइट आल्यावर आतल्या विंडोजने डिस्क तपासली, डेस्कटॉप आला. पेजमेकरची एक जुनी, कमी लोकांना माहीत असलेली सवय इथे उपयोगी पडली : एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की तो मनातल्या मनात एक छोटा सेव्ह करून ठेवतो. फाइल उघडली तर शेवटचं पान सोडून बाकी सगळ्या दुरुस्त्या जागेवर. त्या शेवटच्या पानावरच्या चार दुरुस्त्या सरांनी कागदावर लाल पेनने केलेल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी क्लार्क मॅडमनी अर्जबिर्ज न मागता स्वतःच्या टेबलाचा यूपीएस माझ्याकडे सरकवला.

बॅकअप मी दर शनिवारी प्रेसच्या कॉम्प्युटरवर घेते, मशीन पूर्ण बंद असताना आख्खं फोल्डर कॉपी. ती प्रत नुसती ठेवायची. त्याच कॉम्प्युटरवर मूळ आणि प्रत दोन्ही व्हर्च्युअलबॉक्सला जोडायला गेलात तर दोन्ही डिस्कचा ओळख क्रमांक एकच असल्यामुळे तो दुसरी घेत नाही. एसएसडी हरवली तर ही बॅकअपची प्रत उचलायची, म्हणजे लायसन्सप्रमाणे चालू प्रत पुन्हा एकच. लॉक हरवलं तर मात्र पॅकेज नव्याने घ्यावं लागेल, म्हणून त्याचं मूळ बिल आणि सिरियल नंबर वेगळ्या पाकिटात आहे.

काकांच्या मुलाने एम मालिकेच्या चिपचं मॅकबुक घेतलंय, त्यावरही लावून बघू म्हणाला. त्यावर हे जमत नाही. तो प्रोसेसर एआरएम जातीचा, आमचं विंडोज इंटेल जातीचं, आणि व्हर्च्युअलबॉक्स जात बदलून देत नाही. यूटीएमसारखं सॉफ्टवेअर नक्कल करून चालवू शकतं, पण तो वेग पान लावायच्या कामाचा नाही.

खर्च सांगायचा तर एसएसडी, नंबरपॅड, दुरुस्तीवाल्याचे पाचशे आणि अर्जाच्या झेरॉक्स. एकूण साडेपाच हजारांच्या आत. जुन्या बोर्डाच्या दुरुस्तीला तो तीन हजार सांगत होता आणि वॉरंटी एक महिन्याची.

अंक दसऱ्यानंतर प्लेटला गेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले, त्यामुळे आता काका प्रेसचा कॉम्प्युटर बदलायचं म्हणताहेत. नव्याची यादी त्यांनी माझ्याकडे दिलीय. मी तिच्यावर तीन ओळी वाढवल्यात : इंटेल किंवा एएमडी चालेल, एआरएम नको; रॅम १६ जीबी; प्रेसवर आणण्याआधी दुकानातच बायोस उघडून व्हर्च्युअलायझेशन चालू करून द्यावं.